टोचलेली अंडी

लग्न ठरलं तेव्हा मी औरंगाबादच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत होते आणि पीएच.डी.ला नोंदणी करून दोन हिवाळे उलटले होते. विषय होता नाथसागरावर हिवाळ्यात येणारी बदकं. सकाळच्या एसटीने पैठणला जायचं, धरणाच्या फुगवट्याच्या कडेने चिखल तुडवत चालायचं, चक्रवाक मोजायचे, पट्टकादंब मोजायचे आणि परत येऊन दुपारचे तास घ्यायचे. माझ्या वडिलांना यातलं फारसं कळत नव्हतं. पण पोरगी डॉक्टर होणार हे ते भेटेल त्याला सांगत. कशाची डॉक्टर असं कोणी विचारलं की म्हणत, पाण्यावरच्या पाखरांची.

स्थळ आलं ते जर्मनीतलं. मुलगा आपल्यातलाच, पुण्याला इंजिनिअर होऊन तिकडे मास्टर्स केलेला आणि र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनांच्या विभागात लागलेला. बघायच्या कार्यक्रमात त्याने मला एकच गोष्ट विचारली, पीएच.डी.चं काय करणार. मी म्हटलं, पूर्ण करणार. तो म्हणाला, "मग तिकडेच कर ना. जर्मनीत युनिव्हर्सिट्यांना काय तोटा." त्याच्या आईनेही आमची काही हरकत नाही असं सांगितलं. खोटं कोणीच बोललं नव्हतं. कोणालाच काही माहीत नव्हतं, एवढंच.

दोन हजार तीनच्या शरद ऋतूत मी तिथे गेले. आमचं घर कारखान्याच्या गावात नव्हतं, पण मायन नदीच्याच काठी, एका छोट्या गावात होतं. पासपोर्टात शिक्का बसला, त्यावर लिहिलं होतं की या बाईला नोकरी करायची परवानगी नाही. शिकायला बंदी नव्हती. पण विद्यापीठाने कळवलं की आधी तुमची एम.एस्सी. आमच्या बरोबरीची आहे का ते तपासावं लागेल, मग भाषेची परीक्षा, मग तुम्हाला घ्यायला तयार असलेले प्राध्यापक तुम्हीच शोधा. माझी पदवी बरोबरीची ठरेपर्यंत मला दिवस गेले होते. औरंगाबादच्या माझ्या मार्गदर्शकांना मी फोन केला की सर, नोंदणी तेवढी राहू द्या, मी बाळाला घेऊन एका हिवाळ्यासाठी येईन. ते बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, हवा कशी आहे वगैरे. मग म्हणाले की विषय आता दुसऱ्या एका विद्यार्थ्याला दिला आहे, तुझं लग्न झालं म्हटल्यावर मी धरूनच चाललो होतो. धरून चालणाऱ्या माणसांशी काय भांडणार.

मुलगी झाली. सासूबाई चार महिन्यांसाठी आल्या, बाळंतपण त्यांनी नीट केलं, त्याबद्दल मी कधी वाकडं बोलणार नाही. त्या असेपर्यंत मी नवऱ्याला 'अहो' म्हणायचे, त्या गेल्यावर पुन्हा 'तू'. त्या गेल्या आणि घरात मी आणि ती पोर उरलो. नवरा सकाळी एस-बानने, म्हणजे तिकडच्या लोकलने, जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. म्हणून मी बाबागाडी ढकलत गावाबाहेरच्या तळ्यावर जायला लागले. हे तळं म्हणजे पूर्वी वाळू-खडी काढलेली खाण. काम संपल्यावर पाणी भरलं, कडेने विलोची झाडं वाढली, एका बाजूला गवत पेरून उन्हाळ्यात पोहायला येणाऱ्या लोकांची सोय केली. तिकडे अशा तळ्यांना बाग्गरझे म्हणतात आणि प्रत्येक गावाला आपलं एक असतं.

तिथे मी ती जोडी पहिल्यांदा पाहिली. बदकापेक्षा मोठी, हंसापेक्षा लहान, बदामी अंग, पाय गुलाबी, आणि डोळ्याभोवती तपकिरी डाग, कोणीतरी ठोसा मारल्यासारखा. उडाली तेव्हा पंखांवर एवढं पांढरं दिसलं की मी बाबागाडी सोडून दोन पावलं पुढे गेले. हे पंख माझ्या ओळखीचे होते. असेच पंख मी पैठणला चक्रवाकांचे पाहिले होते. तळ्यावर फिरायला आलेल्या एका बाईला मी पक्ष्याचं नाव विचारलं. ती म्हणाली, नीलगान्स. मला वाटलं नील म्हणजे निळा, आणि घरी येईपर्यंत मी विचार करत होते की या पक्ष्यात निळं काय आहे. तो नील म्हणजे नाइल नदी. इजिप्तच्या नदीवरचा, आणि त्याहून जास्त म्हणजे सहाराच्या खालच्या सगळ्या आफ्रिकेतला पक्षी. तिथे तो आपल्याकडच्या बगळ्यांइतका साधा. नावात हंस असला तरी जातीने चक्रवाकांच्याच नात्यातला. पूर्वी इंग्लंड-हॉलंडमधल्या श्रीमंतांनी बागेतल्या तळ्यात शोभेला आणून ठेवला. तिथून सुटला, वाढला, ऱ्हाइन नदीच्या कडेकडेने वर सरकत आमच्या मायनपर्यंत पोचला.

नवऱ्याला मी संध्याकाळी हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे बदकच ना."

त्या वसंतात मी त्यांच्या मागेच लागले. मादीने तळ्याकाठच्या एका जुन्या छाटलेल्या विलोच्या डोक्यावर घरटं केलं होतं, माझ्या उंचीच्या दीडपट वर. ती अंड्यांवर बसायची. नर खाली पाण्यात राखण करायचा, आणि दुसरा नर दिसला की मान खाली घालून, घशातून फस्स आवाज काढत त्याच्यावर धावून जायचा. मोठ्याने केकाटायची ती मादी, नराला फक्त फुसफुसता येतं. महिन्याभराने एका सकाळी ती झाडाखाली उतरून हाका मारायला लागली आणि वरून पिल्लं एकेक करून उडी मारायला लागली. त्यांना पंख नव्हते, नुसती लव. गवतावर आपटायची, उलटी व्हायची, उठून आईकडे पळायची. मी मुलीला उचलून दाखवत होते. ती इतकी लहान होती की तिला काय दिसलं असेल कोण जाणे. मला मात्र लग्न झाल्यापासून पहिल्यांदा वाटलं की आपण कोणीतरी आहोत.

तेव्हा माझ्या मागून कोणीतरी जर्मनमध्ये म्हणालं, "या झाडाकडे मी तीन वर्षं येतोय, आणि आज नेमका दुर्बीण घरी विसरलो."

ते एक म्हातारे गृहस्थ होते. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि आता गावच्या पक्षीमंडळाचे अध्यक्ष. बायको वारलेली, मुलगा दूर म्युनिकला. मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की हा पक्षी चक्रवाकांच्या कुळातला आहे, मी भारतात त्यांचाच अभ्यास करत होते. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग टोपी काढली आणि म्हणाले, "मग आपण सहकारी झालो." त्या दिवसापासून ते मला 'फ्राउ कोलेगिन' म्हणायला लागले, म्हणजे सहकारी बाई. शिक्क्याच्या देशात मला कोणी तरी सहकारी म्हणत होतं. त्यासाठी मी काहीही केलं असतं, आणि केलंही.

हिवाळ्यात दर महिन्याच्या मध्याला त्यांचं मंडळ पाणपक्षी मोजायचं. माणसं कमी पडायची, कारण त्या थंडीत नदीकाठाला उभं राहायला तरुण कोणी येत नसे. मी जायला लागले. पुढे वसंतातही जायला लागले, मुलगी किटामध्ये, म्हणजे तिथल्या बालवाडीत, जाऊ लागल्यावर तर रोजच. नदीचा आमच्या गावाकडचा काठ आणि आजूबाजूची सगळी खाणतळी माझ्याकडे आली. पगाराचा प्रश्नच नव्हता, शिक्का होताच. नंतर कायदा बदलला, शिक्का गेला, तरी मला पगार द्यावा हे कोणाच्या मनात आलं नाही, आणि मागावा हे माझ्या. सासूबाई फोनवर म्हणायच्या, एवढ्या लांब जाऊन बदकंच मोजतेस का गं. मी म्हणायचे, हो आई.

त्या वर्षांत मी त्या पक्ष्याबद्दल जे शिकले ते पुस्तकात पाहून शिकले नाही. घरट्याच्या बाबतीत त्याचे काही नखरे नव्हते. झाडाची ढोली, छाटलेल्या विलोचं डोकं, ससाण्याने सोडलेलं घरटं, बेटावरचं गवत, एकदा तर एका गोदामाच्या छपरावरचा पन्हाळ. आफ्रिकेत पाऊस पडेल तेव्हा वीण काढायची सवय, म्हणून इथेही ऋतू न बघता अंडी घालायचा. मी फेब्रुवारीतल्या बर्फात पिल्लं पाहिली आणि दोन दिवसांनी ती मेलेलीही पाहिली. आपल्या हद्दीत तो भांडखोर होता यात शंका नाही. पण भांडायचा तो जास्त करून आपल्याच जातीशी. त्याच्या घरट्यापासून हाकेच्या अंतरावर साधी बदकं अंडी उबवत होती. बदकं जिथे खरंच कमी झाली होती तिथे काठाला दगड लावून लव्हाळं काढून टाकलं होतं, किंवा लोक कुत्री मोकळी सोडत होते. हे मी पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि मगच मानलं.

गुरुजी, मी मनात त्यांना गुरुजीच म्हणायचे, या पक्ष्यावर खूश नव्हते. ते म्हणायचे, पक्षी सुंदर आहे, पण तो इथला नाही. इथला नाही हे शब्द ते नेहमी हलक्या आवाजात उच्चारत आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणत, "तुमच्याबद्दल अर्थातच म्हणत नाहीये मी."

हे वाक्य मला नवीन नव्हतं. औरंगाबादच्या कॉलेजात स्टाफरूममध्ये राखीव जागांचा विषय निघाला की एक बाई अगदी हेच म्हणायच्या. सगळं बोलून झाल्यावर माझ्या हातावर हात ठेवून, "तुझ्याबद्दल नाही म्हणत हं मी." तेव्हाही मी हसायचे. सात समुद्र ओलांडून मी तेच वाक्य दुसऱ्या भाषेत ऐकत होते आणि तसंच हसत होते.

तिसऱ्या की चौथ्या हिवाळ्यात गुरुजींनी मला सांगितलं की तुमच्या सगळ्या नोंदी एकत्र करून लिहा. त्यांच्या ओळखीचे एक प्राध्यापक होते, जवळच्या विद्यापीठात. गुरुजी म्हणाले, मी त्यांना दाखवतो, त्यांच्याकडे डॉक्टरेटसाठी माणूस हवा आहे, याहून चांगलं त्यांना काय मिळणार. मी चार महिने लिहीत होते. मुलगी किटात गेली की जेवणाच्या टेबलावर बसायचं आणि ती यायच्या वेळेला उठायचं. माझं जर्मन गुरुजींनी सुधारून दिलं. बरोबर एक मोठा नकाशा केला, त्यात मला सापडलेलं प्रत्येक घरटं दाखवलं, कुठल्या झाडावर, किती उंच, कुठल्या बाजूने दिसतं. घरट्यातली अंडी गेली की मादी पुन्हा घालते, हेही लिहिलं. शेवटचं प्रकरण बदकांचं होतं. त्यात मी लिहिलं होतं की या पक्ष्यामुळे इथली बदकं कमी झाली असं म्हणायला मला आधार सापडला नाही.

वडिलांना फोन करून सांगितलं की बहुतेक होतंय. ते म्हणाले, "मला ठाऊक होतं."

त्याच उन्हाळ्यात तळ्यावर लोकांची तक्रार वाढली. पोहायच्या गवतावर पक्ष्यांची घाण पडते, पोरांना खेळता येत नाही, टॉवेल कुठे टाकायचा. तक्रार खोटी नव्हती. पिल्लं वाढताना या पक्ष्याला मऊ, आखूड गवत लागतं, आणि गावाने त्याला पाण्याला लागून तेच पेरून दिलं होतं. मी गुरुजींना म्हटलं की काठाला दोन हात रुंद उंच गवत वाढू दिलं तर पिल्लांना घेऊन आया तिथून वर येणार नाहीत, त्यांना पलीकडचं दिसायला हवं असतं. त्यांनी मान डोलावली.

हिवाळ्याच्या तोंडाला मंडळाची सभा झाली, संध्याकाळी, गावातल्या एका गास्टहाउसच्या, म्हणजे खाणावळीच्या, मागच्या खोलीत. मला वाटलं माझ्या कामाबद्दल आहे, म्हणून मी साडी नेसून गेले होते. नवऱ्यालाही लवकर यायला लावलं होतं. गुरुजी उभे राहिले, भिंतीवर माझा नकाशा आला. त्यांनी माझं कौतुकही केलं, म्हणाले, आमच्या भारतीय सहकारी बाईंनी हे मोठ्या चिकाटीने केलं. टाळ्या वाजल्या. मग ते म्हणाले की आता आपल्याला प्रत्येक घरटं कुठे आहे ते माहीत आहे, तेव्हा वसंतात अंड्यांचा बंदोबस्त करता येईल. गावची तयारी आहे, परवानगी मागितलेली आहे. बदकांच्या प्रकरणाचं नाव त्यांनी घेतलं नाही.

मी हात वर केला. उभी राहिले. घरी मला सगळं जर्मन येत होतं, तिथे येईना. क्रियापद शेवटी ठेवायचं असतं, ते शेवटपर्यंत पोचण्याआधीच माझं वाक्य सांडत होतं. एवढं मी बोलले की पक्षी दोषी आहे असं माझ्या नोंदी म्हणत नाहीत, आणि इथली अंडी मारली तरी ऱ्हाइनकडून नवीन जोड्या येतील, जागा रिकामी राहणार नाही. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, तिथे कोणी मध्ये बोलत नाही. मग एक गृहस्थ, अगदी मायेने, म्हणाले की बाईंच्या देशात गाय मारत नाहीत, तेव्हा त्यांना वाईट वाटणं स्वाभाविक आहे. थोडे लोक हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. मी खाली बसले. आम्ही बौद्ध, आमच्या घरात गाईला कोणी देव म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पण ते तिथे कुठल्या क्रियापदाने सांगायचं होतं?

परतताना नवरा म्हणाला, "कौतुक केलं ना त्यांनी. अजून काय हवं होतं?"

मी त्याला म्हटलं की माझा अर्धाच अभ्यास वाचला आणि उरलेला टाकून दिला. तो म्हणाला की आपला कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज गेलेला आहे, या गावात चार माणसं आपल्याला ओळखतात ती यांच्यामुळे, तेव्हा बदकांपायी कोणाशी वाकडं घेऊ नकोस. त्याचंही खरं होतं. कारखान्यात माणसं कमी करायची बोलणी सुरू होती, हे त्याने मला सांगितलं नव्हतं. ते मला पुढे कळलं.

मार्चमध्ये एका सकाळी मुलीला किटात सोडून मी तळ्यावर गेले तर विलोला शिडी लावलेली होती. वर गावच्या नोकरीतला एक माणूस, खाली शिडी धरून गुरुजी. नर पाण्यात गोल गोल फिरत होता आणि फुसफुसत होता. मादी वरच्या फांदीवर उभी राहून ओरडत होती. त्या माणसाच्या हातात एक लांब जाड सुई होती. तो एकेक अंडं उचलायचा, टोचायचा आणि पुन्हा होतं तसं ठेवायचा.

गुरुजींनी मला पाहिलं. शिडी सोडता येत नव्हती म्हणून ते तिथूनच बोलले. "ही सगळ्यात दयाळू पद्धत आहे, फ्राउ कोलेगिन. अंडी काढून नेली तर ती दुसरी घालते. टोचून ठेवली तर तिला कळत नाही. ती बसून राहते."

मी म्हटलं, "ठाऊक आहे मला. ते मीच लिहिलं होतं."

मला वाटतं त्यांना वाईट वाटलं असावं. ते क्रूर माणूस नव्हते, आणि माझी खरी अडचण तीच होती. क्रूर माणसाला चार शब्द सुनावून घरी येता येतं.

ती माणसं गेल्यावर मादी खाली उतरली, अंडी चोचीने हलवून नीट केली आणि वर बसली. पोटाखालची स्वतःची मऊ पिसं तिने भोवती लावलेली होती, ती दिसत होती. महिना झाला. एरवी पिल्लं बाहेर आली असती. ती बसून होती. मुलगी तेव्हा रोज दुपारी माझ्याबरोबर यायची आणि विचारायची, "मामा, वान कॉमन डी बेबीस?" आई, पिल्लं कधी येणार. मी मराठीत म्हणायचे, येतील. ती पुन्हा जर्मनमध्ये विचारायची, कधी. असं पुष्कळ दिवस चाललं. उबवणाऱ्या मादीला फार खाता येत नाही, ती दिवसातून एकदा थोडा वेळ उतरते. ती उतरायची तेव्हा तिच्या छातीचं हाड दिसायला लागलं होतं. नर मात्र आपल्या हद्दीत येणाऱ्या प्रत्येकावर धावून जात होता, काहीच उरलेलं नसताना. मग एक दिवस मुलीने विचारणं सोडून दिलं. त्यानंतर केव्हातरी मादी उठून गेली आणि कावळ्यांनी घरटं उसकटलं. झाडाखाली दोन दिवस घाण वास येत होता.

नकाशावरची सगळी घरटी तशीच झाली. मी प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहिलं. आपणच दाखवलेल्या जागा, त्यामुळे शोधावं लागलं नाही.

प्राध्यापकांचं उत्तर त्या उन्हाळ्यात आलं, तेही मला आलं नाही, गुरुजींना आलं. सामग्री उत्तम आहे, असं त्यांनी म्हटलं होतं. मात्र बाईंची पदवी, वय आणि लहान मूल बघता डॉक्टरेटची जागा देणं अवघड आहे. त्यांच्याकडचा एक तरुण विद्यार्थी त्या नोंदींवर आपला प्रबंध करेल. गुरुजींनी हे मला चहाला बोलावून सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा खरंच उजळलेला होता. म्हणाले, म्हणजे तुमचं काम वाया जाणार नाही. पुढे तो प्रबंध मी पाहिला. चांगला केला होता पोराने. सुरुवातीला आभार होते, पुष्कळ लोकांचे, आणि त्यांत एक ओळ, मोजणीत मदत करणाऱ्या एका भारतीय गृहिणीचे. माझं नाव नव्हतं. नाव त्याला कोणी सांगितलंच नसेल.

वडिलांना मी हे सांगितलं नाही. ते विचारायचे, कुठपर्यंत आलं. मी म्हणायचे, चालू आहे. त्यांना दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला, आणि मी पोचले तेव्हा ते बोलू शकत नव्हते. शेजारच्यांनी मला सांगितलं की तुझे वडील सांगत होते, पोरगी तिकडे डॉक्टर झाली. मी हो म्हणाले.

पुढच्या वर्षी कारखान्यात नवऱ्याचा विभाग आटोपला आणि त्याला हॅनोव्हरला नोकरी मिळाली. आम्ही गेलो. जायच्या आधी एकदा तळ्यावर जाऊन आले. काठाचं गवत तसंच आखूड होतं. त्या विलोवर नवीन जोडी बसलेली होती. कुठून आली असेल ते मला माहीत होतं. बेटावर आणखी दोन जोड्या होत्या. गवतावर टॉवेल टाकून लोक बसले होते आणि मधून मधून पायाने लेंडकं बाजूला सारत होते. जगातल्या दुर्मिळ जिवांच्या यादीत या पक्ष्यापुढे शेरा असतो की काळजीचं कारण नाही. आफ्रिकेतही शेतकरी त्याला पिकाचा चोर म्हणून मारतात, हे मी वाचलं होतं. म्हणजे जिथला तो आहे तिथेही कोणी त्याची वाट पाहत नाही. पण भरपूर असल्यामुळे त्याची काळजी कोणी करायची नसते.

हॅनोव्हरला मला एका प्रयोगशाळेत काम मिळालं, पाण्याचे नमुने तपासायचं. काम बरं आहे. यंत्रात नळी लावायची, आकडा येतो. आकड्याला कोणी विचारत नाही की तू इथला का. मी कोणालाच सांगितलं नाही की मी पूर्वी काय करत होते. मुलगी शाळेत जायला लागली होती आणि घरी सगळं जर्मनमध्येच बोलायची. मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा आमचा संसार.

त्या शरद ऋतूत गुरुजींचा फोन आला. आवाज थकलेला होता. तब्येत बरी नाही, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून आता काही दिसत नाही असं म्हणाले. नवऱ्याची, मुलीची चौकशी केली. मग म्हणाले की हिवाळ्याची मोजणी तोंडावर आली आहे, आणि तुमच्या काठाला यायला कोणी तयार नाही. तुम्ही शनिवार-रविवार येऊ शकाल का, गाडीचं तिकीट मंडळ देईल. "तुमच्यासारखं कोणी मोजत नाही," ते म्हणाले.

ते खरं होतं हे मला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "मी आता मोजत नाही."

त्यांनी विचारलं, "माझ्यावर राग आहे का?"

मी विचार केला. नाही म्हणणं सोपं होतं. तिकडे तसंच म्हणतात, आणि आपल्याकडेही म्हाताऱ्या माणसाला कोणी हो म्हणत नाही. "हो," मी म्हणाले. "आहे."

ते हळूच म्हणाले, "गेनाऊ." बरोबर आहे, असा त्याचा अर्थ. पण जर्मन लोक तो शब्द काही सुचत नसलं तरी म्हणतात, त्यामुळे त्यांना काय म्हणायचं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी शुभेच्छा दिल्या, मीही दिल्या, आणि फोन ठेवला.

नवरा स्वयंपाकघरात भात लावत होता, त्याने सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "म्हातारा माणूस आहे. जरा गोड बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

कुकरची शिट्टी झाली, त्याने गॅस बारीक केला आणि मुलीला जेवायला हाक मारली.